आई-वडिलांचा खुबा मोडला तर: पहिल्या तासापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत

घरातलं म्हातारं माणूस पडतं ते बहुतेक वेळा अगदी साध्या जागी. मोरीतून बाहेर येताना, रात्री लघवीला उठताना, फोन वाजला म्हणून घाईने वळताना, नाहीतर पायपुसण्यात पाय अडकून. मनगट मोडलं तर प्लास्टरवर निभतं. खुबा मोडला की सगळ्या घराचं वेळापत्रक बदलतं: कुणी रजा टाकतं, कुणी गावाहून येतं, हॉलमध्ये पलंग येतो आणि कालपर्यंत स्वतः स्वयंपाक करणारी आई बेडपॅनसाठी हाक मारायला लागते.

ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली आहे त्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. आमच्या आईचं सगळं मी आणि माझ्या भावाने केलं, त्यातून आणि डॉक्टर-फिजिओंकडून जे शिकलो ते इथे आहे. लिहिलंय आईबद्दल, कारण पाळी गेल्यावर बायकांची हाडं झपाट्याने ठिसूळ होतात आणि खुबा मोडलेल्यांत त्याच जास्त असतात. वडिलांनाही यातलं जवळपास सगळं लागू आहे.

पुढचं सगळं एका गोष्टीभोवती फिरतं. आईला होईल तितक्या लवकर उठवून बसवायचं, उभं करायचं, चालवायचं. "पडून राहा, आराम कर" हे आपण मायेने म्हणतो, पण या वयात अंथरुण हाच मोठा धोका असतो. छातीत कफ साचतो, पाठीला जखमा होतात, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होते, स्नायू दिवसागणिक वाळतात. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी पाचातला एक तरी वर्षभरात दगावतो, आणि त्याला मोडलेल्या हाडापेक्षा ही पुढची दुखणीच जास्त कारणीभूत असतात.

पहिला तास

आई खाली पडलेली दिसली की पहिली उर्मी तिला उचलण्याची असते. ती आवरा. आधी तिच्याजवळ खाली बसा आणि विचारा: डोकं आपटलं का, भोवळ आली होती का, कुठे दुखतंय. जांघेत किंवा मांडीच्या वरच्या भागात जोराची कळ असेल, एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं असेल, तर खुबा मोडला असं धरूनच चाला. उभं करून बघू नका. पाय सरळ करायला ओढू नका. पाय आहे त्याच स्थितीत ठेवून दोन्ही बाजूंना उशा लावा, अंगावर चादर घाला. तेल लावणं, चोळणं, हाडवैद्याला बोलावणं यातलं काही नको.

१०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका मोफत आहे. जिना अरुंद असेल, लिफ्ट नसेल, तर ते फोनवरच सांगा, म्हणजे ते तयारीने येतील. शेजारच्या चार जणांनी हातापायाला धरून खाली आणलं तर मोडलेलं हाड आणखी सरकतं.

डॉक्टर बघेपर्यंत चहा-पाणी देऊ नका, ऑपरेशन लवकर करायचं ठरलं तर पोट रिकामं लागतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल आणि घाम, थरथर सुरू झाली, तर मात्र साखर तपासा. कमी असेल आणि आई नीट शुद्धीवर असेल, तर साखर द्यावीच लागते.

निघताना बरोबर घ्यायचं: चालू औषधांच्या पट्ट्या (चिठ्ठीपेक्षा पट्ट्याच घ्या, चिठ्ठी जुनी असते), आधार कार्ड, मेडिक्लेमचं कार्ड, जुने रिपोर्ट, चष्मा, कवळी, ऐकण्याचं यंत्र. या शेवटच्या तीन वस्तू लोक हमखास घरी विसरतात आणि पुढे त्यांचीच फार गरज लागते.

डॉक्टरांना तीन गोष्टी न विचारता सांगा. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, आई जमिनीवर किती वेळ पडून होती, आणि डोक्याला लागलंय का. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोकं आपटलं असेल तर बाहेर टेंगूळसुद्धा नसताना आत रक्तस्राव होऊ शकतो. एक्स-रे साफ आला पण आईला पायावर भारच देता येत नाही, असंही होतं. बारीक तडा पहिल्या एक्स-रेत सुटतो. तेव्हा घरी परतायची घाई न करता एमआरआय किंवा सीटी स्कॅनबद्दल विचारा.

ऑपरेशन करायचं की नाही

इथे घरात वाद होतात. कुणी मामा म्हणतात, "पंच्याऐंशी वय, आता कशाला कापाकापी?" कुणी पायाला वजन लटकवून हाड जुळल्याची जुनी गोष्ट सांगतं. वजन लटकवून हाड जुळतं, कधीकधी. पण त्यासाठी कित्येक आठवडे उताणं पडून राहावं लागतं, आणि तेवढ्यात बाकीचं शरीर हातचं जातं. म्हणून वय हे ऑपरेशन टाळायचं कारण सहसा धरत नाहीत, उलट वय जास्त म्हणूनच लवकर करतात. शक्यतो २४ ते ४८ तासांत व्हावं असं बघतात. उशीर होत असेल तर कशासाठी थांबलोय ते स्पष्ट विचारा. साखर, सोडियम किंवा हृदयाचं काही ठीक करायला थांबले असतील तर ते योग्य आहे. नुसत्या पैशाच्या किंवा नातेवाइकांच्या वाट पाहण्यात दिवस जात असतील तर ते तुम्ही सोडवायचं आहे.

आधीपासूनच अंथरुणाला खिळलेल्या, फार थकलेल्या माणसाच्या बाबतीत डॉक्टर ऑपरेशन नको म्हणू शकतात. तो निर्णय वेगळा, आणि तिथे वेदना कमी ठेवणं हे मुख्य काम उरतं. पण आई शुद्धीवर असेल तर निर्णय तिला विचारून घ्या. तिच्या पलंगाशेजारी उभं राहून तिच्याबद्दल "त्यांना" असं बोलत राहू नका.

साधारणपणे हाड सांध्याच्या गोळ्याजवळ, म्हणजे मांडीच्या हाडाच्या मानेत मोडलं असेल तर गोळा बदलतात, आणि त्याच्या खाली मोडलं असेल तर रॉड किंवा पट्टी-स्क्रू घालतात. सर्जनला विचारायचे प्रश्न मी वहीत लिहून नेले होते: हाड नेमकं कुठे मोडलं? कोणतं ऑपरेशन? कधीपासून पूर्ण भार द्यायचा? कोणत्या हालचाली टाळायच्या आणि किती आठवडे? लघवीची नळी कधी निघणार? रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शन किंवा गोळी घरी किती दिवस? डिस्चार्जच्या गडबडीत हे विचारायचं राहून जातं.

पैशाचं. सत्तर वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. कार्ड आधारवरून निघतं, पण रुग्णालय योजनेच्या यादीत असावं लागतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. यादीतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेले असतात, दाखल करतानाच त्यांना गाठा. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखीव ठेवणं महाराष्ट्रात बंधनकारक आहे. त्यासाठी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड घेऊन जावं लागतं. मेडिक्लेम असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा, आणि बिलांच्या मूळ प्रती एकाच फायलीत ठेवा.

आई दवाखान्यात असतानाच घर तयार करा

ऑपरेशननंतर बहुतेकांना दुसऱ्या दिवशीच बसवतात, वॉकर धरून उभं करतात. चार-सहा दिवसांत घरी पाठवतात. म्हणजे तुमच्या हातात फार वेळ नसतो. एकाने दवाखाना धरावा, दुसऱ्याने घर.

पलंग संडास-बाथरूमच्या सगळ्यात जवळ लावा. हॉलमध्ये येत असेल तर हॉलमध्ये, पाहुण्यांना काय वाटेल याचा विचार नको. हॉलमध्ये आई माणसांत राहते, हा त्याचा फायदाच आहे. उंची अशी हवी की काठावर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील आणि गुडघे खुब्यापेक्षा किंचित खाली राहतील. जुने दिवाण बुटके असतात, त्यांच्या पायांखाली सुताराकडून खाच पाडलेले लाकडी ठोकळे करून घ्या. विटा नकोत, त्या सरकतात. गादी घट्ट हवी.

वॉकरची रुंदी आणि बाथरूमच्या दाराची रुंदी टेपने मोजा. जुन्या इमारतींत वॉकर दारात अडकतो, आणि ते आईला घरी आणल्यावर कळून उपयोग नाही. अडकत असेल तर कमोड खुर्ची पलंगाजवळच ठेवायची.

कमोड खुर्ची, वॉकर, एअर बेड, बेडपॅन लगेच विकत घेऊ नका. महाराष्ट्रात गावोगावी रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं आहेत. कुठे ज्येष्ठ नागरिक संघ चालवतो, कुठे गणेश मंडळ, कुठे एखादी पतपेढी. अनामत घेऊन नाममात्र भाड्याने वस्तू देतात. गल्लीतल्या केमिस्टला विचारलंत तरी पत्ता मिळतो. आणताना खुर्चीचे हात हलत नाहीत ना आणि वॉकरच्या पायांची रबरी बुचं झिजलेली नाहीत ना, ते तपासून घ्या.

भारतीय पद्धतीचा संडास आता निदान काही महिने बंद. कमोड असेल तर त्यावर उंची वाढवणारी सीट बसवा आणि बाजूला भिंतीत आधाराचा दांडा. टॉवेल अडकवायची दांडी किंवा नळ हा आधार नव्हे, भार पडला की उखडतो. पायपुसणी, सतरंज्या, जमिनीवरून गेलेल्या वायरी सगळं उचला. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा. आईच्या हाताशी बेल किंवा घंटा, पाण्याची बाटली, चष्मा, फोन.

उठवणं, बसवणं, चालवणं

हे घरातल्या किमान दोघांनी दवाखान्यातच फिजिओसमोर करून बघायचं. नुसतं बघून येत नाही.

क्रम असा. आई उताणी आहे. तिला कोपरांवर टेकून थोडी वर येऊ द्या, मग दोन्ही पाय मिळून हळूहळू पलंगाच्या कडेला न्या. ऑपरेशनच्या पायाला तुम्ही खालून पोटरी-टाचेशी आधार द्या. पाय खाली सोडून ती काठावर बसली की तिथे थांबा, दोन-तीन मिनिटं. झोपलेलं माणूस एकदम उठलं की रक्तदाब खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. चक्कर नाही याची खात्री झाल्यावर ऑपरेशनचा पाय थोडा पुढे, चांगला पाय जवळ, आणि हातांनी पलंग खाली दाबून उभं राहायचं. वॉकर ओढून उठायचं नाही, तो अंगावर येतो. उभं राहिल्यावर मग एकेक हात वॉकरवर.

तुम्ही उभं राहायचं ऑपरेशनच्या बाजूला, किंचित मागे. तिच्या कमरेला रुंद मजबूत पट्टा बांधा आणि तो धरा. काखेत हात घालून उचलू नका, तिचा खांदा आणि तुमची कंबर दोन्ही जातात.

चालताना आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. वॉकरची उंची अशी की हात सरळ सोडल्यावर मनगट वॉकरच्या मुठीच्या पातळीला येईल. पायात पट्ट्याची, मागून बंद चप्पल किंवा बूट, सपाता अजिबात नकोत. पहिल्या दिवशी पलंग ते खुर्ची झालं तरी पुष्कळ. दिवसातून एकदा लांब चालण्यापेक्षा चार-पाच वेळा थोडं थोडं चाललेलं बरं. वेदनाशामक गोळी व्यायामाआधी पाऊण-एक तास दिली तर आई सहकार्य करते. दुखतंय म्हणून चालत नाही आणि चालत नाही म्हणून आणखी आखडतं, हे चक्र तिथेच तुटतं.

गोळा बदललेला असेल तर डॉक्टर सांगतील तितके आठवडे आणखी काही गोष्टी पाळाव्या लागतात: मांडी घालून बसायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, खाली वाकून काही उचलायचं नाही, झोपताना पायांच्या मध्ये उशी. जेवायला पाटावर बसायची सवय असलेल्या आईला हे रोज आठवण करून द्यावं लागतं. देवपूजा खुर्चीवर बसून चालते. देव टेबलावर आणा, म्हणजे ती वाकणार नाही.

आईच्या कपड्यांचा प्रश्न छोटा वाटतो पण अडतो तिथेच. आयुष्यभर साडी नेसलेल्या बाईला गाऊनमध्ये पाहुण्यांसमोर बसायचा संकोच होतो आणि मग ती पलंगावरून उठायलाच नको म्हणते. पुढून उघडणारा, घोट्याच्या वर राहणारा गाऊन आणि खांद्यावर ओढणी, एवढ्याने आमच्याकडे निम्मा विरोध संपला.

संडास, लघवी, आंघोळ

यावर कुणी मोकळं बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर.

म्हाताऱ्या आया मुलांना त्रास नको म्हणून पाणी प्यायचं बंद करतात. रात्री कुणाला उठवायला नको म्हणून दुपारपासूनच घोट घोट कमी करतात. मग लघवीला जळजळ, बद्धकोष्ठ, डोकं भ्रमिष्ट होणं, सगळं मागोमाग येतं. पाण्याची एक लिटरची बाटली भरून ठेवा आणि संध्याकाळी किती उरलंय ते बघा. हृदयासाठी किंवा मूत्रपिंडासाठी पाणी मोजून दिलेलं असेल तर तेवढंच. संध्याकाळी सातनंतर कमी केलं तरी चालेल, दिवसा नाही. आणि तिला न विचारता दर दोन-तीन तासांनी "चल, जाऊन येऊ" म्हणा. तिने हाक मारायची वाट पाहिली की तिला ओशाळल्यासारखं होतं.

डायपर सोय म्हणून ठीक आहे, विशेषतः प्रवासाला आणि पहिल्या काही रात्री. पण उठवायला लागू नये म्हणून दिवसभर डायपर घालून ठेवलं तर चालायचं कारणच संपतं, आणि त्वचा भिजून जखम होते. कमोडवर जाणं हा तिचा सगळ्यात महत्त्वाचा व्यायाम आहे.

वेदनेच्या काही गोळ्यांनी हटकून बद्धकोष्ठ होतं. डॉक्टरांकडून रेचक पहिल्या दिवसापासूनच लिहून घ्या. इसबगोल द्यायचं तर भरपूर पाण्याबरोबरच, कमी पाण्यात ते उलट अडकतं. तीन दिवस संडासला झालं नसेल तर कळवा.

आंघोळ हात असलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, पायांखाली रबरी मॅट. टाके निघेपर्यंत जखम ओली करायची नाही, तोवर ओल्या टॉवेलने अंग पुसून घ्यायचं. तोंड, हात, छाती तिची तिला धुऊ द्या. मुलगा आंघोळ घालत असेल तर अंगावर कायम एक टॉवेल ठेवून त्याच्या आतून धुवायचं. कुणाच्या हातून आंघोळ हवी ते आईला विचारा. मुलीपेक्षा कामाला ठेवलेली परकी मावशी बरी असंही काही जणी म्हणतात, त्यात वाईट वाटून घेऊ नका.

पाठीच्या जखमा

शय्याव्रण होऊ न देणं सोपं आहे, भरून आणणं फार अवघड. ती झोपून असेल तेव्हा दर दोन तासांनी कूस बदला: उताणी, चांगल्या कुशीवर कललेली, पुन्हा उताणी. पूर्ण आडवं न वळवता पाठीमागे उशी लावून कललेलं ठेवा. दोन्ही टाचा गादीला टेकता कामा नयेत, पोटरीखाली उशी सरकवली की टाचा अधांतरी राहतात. रोज आंघोळीच्या वेळी माकडहाड, टाचा, खुबे, कोपरं उजेडात बघा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. बोट काढल्यावर तो फिका न होता तसाच लाल राहिला तर तिथून जखमेची सुरुवात आहे. त्या जागेवर भार येऊ देऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तिथे काळसर डाग, कडकपणा किंवा गरमपणा हाताला लागतो. लाल जागा चोळायची नाही, पावडरीचे थर नकोत, मधे भोक असलेली रबरी रिंगही नको. तिच्या कडांनी आणखी रक्तपुरवठा तुटतो. एअर बेड चांगला, पण त्यामुळे कूस बदलायची सुट्टी मिळत नाही.

संध्याकाळी आई वेगळंच बोलायला लागली तर

ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत अनेक घरांत हे होतं, आणि लोक हादरतात. दिवसभर बरी असलेली आई दिवेलागणीला म्हणते, "गाडी आली का? मला माहेरी सोडा." हातातली सलाईनची सुई ओढते, भिंतीवर माणसं दिसतात म्हणते, मुलाला भाऊ समजते. हे वेड नव्हे आणि बहुतेक वेळा कायमचंही नसतं. शरीरावरच्या ताणाने मेंदू काही काळ गोंधळतो. पण त्याच्यामागे कारण असतं, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. लघवीचा संसर्ग, लघवी तुंबणं, सोडियम कमी होणं, बद्धकोष्ठ, न सांगितलेली वेदना, एखादी नवी गोळी, छातीत जंतुसंसर्ग ही नेहमीची कारणं.

घरी करायचं ते इतकंच: चष्मा लावा, ऐकण्याचं यंत्र लावा, समोर मोठं घड्याळ आणि कॅलेंडर ठेवा. दिवसा खिडकी उघडी, रात्री शांतता. भोवती एक-दोन ओळखीची माणसं, भेटायला येणाऱ्यांची रांग नको. "अगं असं काय करतेस, माहेरी कोण राहिलंय आता" असा वाद घालू नका. "हो, जाऊया, आधी चहा घेऊ" म्हणा आणि विषय माहेराकडेच वळवा, ती सांगत बसेल. झोपेची गोळी स्वतःहून देऊ नका, तिने भ्रम वाढतो आणि रात्री ती पुन्हा पडते. मात्र ती गप्प, सुस्त, झोपाळू झाली तर "आता शांत आहे" म्हणून सोडू नका. गप्प भ्रम जास्त दुर्लक्षित होतो.

जेवण आणि हाडांचं औषध

आजारी माणसाला आपण मऊ भात, तूप, मेतकूट देतो. पोटाला बरं, पण स्नायू आणि जखम भरायला प्रथिनं लागतात, आणि ती त्यात जवळजवळ नाहीत. मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर वजनाच्या किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं हवीत. ५० किलोच्या आईला ५० ते ६० ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, पावशेर दुधात आठ, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण अठरा. तेव्हा सकाळी अंडं किंवा मुगाचं धिरडं, जेवणात घट्ट वरण, दुपारी दही, संध्याकाळी पनीर किंवा मासे, झोपताना दूध, असं जमवा. नाचणीच्या आंबिलीतून कॅल्शियम चांगलं मिळतं. डिंकाचे आणि हळिवाचे लाडू जरूर द्या, आत्या-मावशांनी मायेने पाठवलेले असतात, पण मुख्य जेवण त्यांनी मारलं जाऊ नये. कवळी बसत नसेल तर खाणं आपोआप कमी होतं, तेही बघा.

आता जे सर्वांत जास्त राहून जातं ते. उभ्याच्या उंचीवरून पडून खुबा मोडला याचा अर्थच हाडं ठिसूळ आहेत, आणि दुसरा खुबा किंवा मणका मोडायचा धोका आता जास्त आहे. ऑपरेशनने मोडलेलं हाड बसवलं, ठिसूळपणा तसाच आहे. टाके काढायला जाल त्या दिवशी डॉक्टरांना स्पष्ट विचारा: "ऑस्टिओपोरोसिसचं औषध कधी सुरू करायचं?" वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं इंजेक्शन असतं, आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी असते. इंजेक्शनआधी ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि मूत्रपिंड तपासतात. आठवड्याची गोळी असेल तर सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही नाही. नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांवर थांबू नका.

बाकी औषधांचा एक तक्ता फ्रिजवर लावा. रक्तदाबाची जुनी गोळी आता जास्त होतेय का ते विचारा, कारण आजारपणात रक्तदाब बरेचदा उतरतो. डॉक्टरांना न विचारता केमिस्टकडून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला महागात पडतात, त्या टाळा.

कुणी काय करायचं

डॉक्टरांशी बोलायला एकच माणूस ठरवा. चौघांनी चार वेळा विचारलं की चार वेगळी उत्तरं घरी येतात. पलंगाजवळ एक वही ठेवा: ताप, रक्तदाब, औषधं, किती वेळा उठली, लघवी-संडास, काय खाल्लं. पाळी बदलताना वही वाचूनच दुसऱ्याने हातात घ्यायचं.

जो जवळ राहतो त्याच्या बायकोवर सगळं येऊन पडतं, हे आपल्या घरांत गृहीत धरलेलं असतं. ते पहिल्याच आठवड्यात मोडा. पुण्यातल्या सुनेने आंघोळ-संडास करायचं आणि परदेशातल्या मुलाने व्हिडिओ कॉलवर सूचना द्यायच्या, यातून माणसं कायमची दुखावतात. दूर असलेल्यालाही ठोस काम असतं: मेडिक्लेमचे कागद, फिजिओ आणि मावशीचे पैसे, औषधांची ऑनलाइन मागणी, आणि रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी आईशी अर्धा तास गप्पा. तीच वेळ तिला सगळ्यात जड जाते. खर्च एका ठिकाणी लिहा. जो प्रत्यक्ष करतोय त्याला आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी, आणि त्या दिवशी दुसऱ्या भावंडाने यायचं.

मावशी ब्युरोतून घ्याल तर ओळखपत्राची प्रत घ्या, दागिने कपाटात ठेवा, आणि उठवायची पद्धत पहिल्या दिवशी स्वतः दाखवा. सवयीने त्या काखेत हात घालून उचलतात. चोवीस तासांची मावशी चोवीस तास जागी राहू शकत नाही. तिच्या झोपेची, जेवणाची वेळ ठरवा आणि परवडत असेल तर रात्रीसाठी वेगळी बाई ठेवा. अपघात रात्री होतात.

ताबडतोब दवाखाना गाठायचा तो केव्हा

अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं. एक पोटरी सुजली, दुखते, गरम लागते. ताप आला, जखमेतून पाणी-पू येतोय. ऑपरेशनच्या पायात एकदम कळ येऊन तो आखूड दिसायला लागला. संडासला डांबरासारखं काळं झालं. लघवी सहा-आठ तास झालीच नाही. आणि डोकं आपटलेलं असेल तर कित्येक आठवड्यांनीसुद्धा वाढती डोकेदुखी, गुंगी, एका बाजूची ताकद कमी होणं.

सहा आठवड्यांनंतर

इथे लोक फिजिओ बंद करतात. करू नका, स्नायू परत यायला तीन महिने आणि अधिकही लागतात. वॉकरवरून काठीवर यायचा निर्णय फिजिओला घेऊ द्या. काठी ऑपरेशनच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरायची. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा पाय.

आईला काय परत करायचंय ते तिला विचारा आणि व्यायाम त्याच्याशी जोडा. कुणाला तुळशीला पाणी घालायचं असतं, कुणाला खालच्या कट्ट्यावर मैत्रिणींत बसायचं असतं. आमच्या आईला फोडणी स्वतः घालायची होती. ओट्याशी वॉकर लावून मिनिटभर उभं राहणं, मग दोन, मग पाच, असं करत ती तिथपर्यंत गेली. तोवर बसून होणारी कामं तिच्याकडेच द्या: लसूण सोलणं, मेथी निवडणं, शेंगा फोडणं, दूधवाल्याचा हिशोब. ती थकेल म्हणून हातातून काढून घेऊ नका.

आणि ती का पडली, हे शोधल्याशिवाय काम पूर्ण झालेलं नाही. झोपून आणि उभं राहून असा दोन्ही वेळा रक्तदाब मोजून घ्या. मोतीबिंदू तपासा. झोपेच्या, चक्करच्या, रक्तदाबाच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांसमोर ठेवा. रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागत असेल तर त्याचं कारण बघा. बाथरूमची जमीन वापरून झाली की लगेच कोरडी करायची सवय घरातल्या सगळ्यांनी लावायची. आतली कडी काढून टाका किंवा बाहेरून उघडता येणारं कुलूप बसवा, आणि आईला तसं सांगून ठेवा, म्हणजे ती दार नुसतं लोटून घेईल.